चमच्यावर आलेली मरळ

गळाचं काय सांगता लेको, माह्या चमच्याचं ऐका! पहिलं इलेक्शन झालं त्या सालची गोष्ट. बायको नुकतीच बाळंत झालती. माय म्हणे, "सूनबाईले दूध कमी पडते. मरळीचा रस्सा पाहिजे. आण कुठूनबी."

एक शिकारी साहेब चमकता पत्रा पाण्यात फिरवून मासोळ्या धरे; त्याचं पाहून मी घरचा पितळी चमचा ठोकून चपटा केला, त्याले गळ बांधला अन् तलावाच्या पाळीवरून फेकून राह्यलो. चमचा पाण्यात चमकला, तशी हातभर मरळ अशी धावली म्हणता! ओढली काठावर. पाह्यतो तं मांगं पाण्यात लाल लाल पिल्लांचा घोळका, तिले शोधून राह्यला. मरळ भुकेनं आलीच नव्हती. पिल्लांजवळून चमच्याले हाकलाले आलती. गळ काढला, सोडून देली.

घरी माय लसूण-मिरे वाटून वाट पाहून राह्यली होती. सांगितलं तशी भडकली, "येडा झाला काय? घरी बाळंतीण, अन् तुले मासोळीची दया!"

आतून लेकराले पाजता पाजता बायको म्हणे, "राहू द्या ना आत्याबाई. माह्या पोराजवळ कोणी असा चमचा फिरवला असता, तं मीबी चावलीच असती."