तिसऱ्या चौकोनातली हिरवी टोपी

(ओटाकारचा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्पीकर चालू. पलीकडे अळंब्यांचे फोटो काढणाऱ्या हेडविका शुल्त्सोवा. दुपारचे साडेबारा. शेजारी बायको ब्लांका बटाटे सोलतेय.)

ओटाकार : म्हणजे तुम्ही माझ्यावर केस करणार? अहो शुल्त्सोवाबाई, मी रेल्वेतला निवृत्त गार्ड. ही अळंब्यांची वेबसाइट म्हणजे नुसता छंद हो माझा. छदाम मिळत नाही त्यातून.

हेडविका : केसचं मी नावही काढलेलं नाही. फोटो कुणीही वापरावा म्हणूनच तो खुल्या परवान्यावर ठेवलाय. अटी तीनच. खाली मूळ फोटोच्या लिंकसकट माझं नाव, परवान्याची लिंक, आणि फोटोत काही बदल केला तर तसं लिहायचं. तुम्ही तिन्ही गाळल्यात.

ब्लांका : मी सांगत नव्हते? फोटोखाली काहीतरी लिहिलेलं असतं, ते असंच नसतं म्हणून!

ओटाकार : तू गप गं जरा. बाई, त्याचं काय झालं, पहिल्या पानावर आठ फोटो एका रांगेत बसवले. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांची शेपटी लावली की सगळी शोभाच जाते. म्हणून काढली. आणि चौकोनात मावेनात, म्हणून देठ कापले. नुसत्या टोप्या ठेवल्या.

हेडविका : त्यासाठीच फोन केलाय मी. तिसऱ्या चौकोनात माझी हिरवी अळंबी आहे. ती कुठली, ठाऊक आहे ना?

ओटाकार : म्हणजे काय! चाळीस वर्षं रान तुडवतोय. आपल्याकडची सगळ्यात विषारी ती. आत 'हात लावू नका' असं वेगळं पान केलंय की मी.

हेडविका : आणि पहिल्या पानावर, त्या फोटोंच्या वर काय लिहिलंय?

ओटाकार : ते... 'आमच्या रानाचा खजिना.'

हेडविका : देठावरची झालर कापलीत, बुडाची पांढरी पिशवी कापलीत. ओळखायच्या खुणा त्याच. उरली हिरवी टोपी. नवख्या माणसाला ती होलुबिंका नावाच्या खायच्या हिरव्या अळंबीसारखीच दिसणार. माझ्या नावाची लिंक असती, तर दाबल्यावर अख्खी अळंबी दिसली असती आणि वर लाल अक्षरांत 'विषारी'.

ओटाकार : काढतो. आत्ताच्या आत्ता काढतो. ब्लांका, माझा चष्मा कुठाय?

ब्लांका : ओटो...

ओटाकार : आधी चष्मा दे!

ब्लांका : ओटो, व्लास्ताचा मेसेज. सकाळी तूच कौतुकानं वाचून दाखवलास. 'दादा, तुझ्या तिसऱ्या फोटोतली सापडली, चांगली चार.'

ओटाकार : अगं, ती होलुबिंका असेल... तिसरा म्हणजे... देवा रे.

हेडविका : कोण व्लास्ता?

ब्लांका : माझी नणंद. एकटीच असते, इथून तासाभरावर. आजवर कधी एकटी रानात गेली नाही. यंदा म्हणाली, दादाची वेबसाइट आहे, आता कशाला भ्यायचं. थांबा, माझ्या फोनवरून लावते.

ओटाकार : उचलत नाहीये का? का उचलत नाही ती?

ब्लांका : वाजू तरी दे! ...हॅलो, व्लास्ता? अगं, त्या अळंब्यांचं काय केलंस? ...कधी?

ओटाकार : काय म्हणतेय?

ब्लांका : अकरा वाजता अंडी फोडून परतल्या आणि पावाबरोबर खाल्ल्या. छान लागल्या म्हणतेय. तुझ्यासाठी थोड्या झाकून ठेवल्यात.

ओटाकार : देठाचं विचार! बुडाशी पिशवी होती का, विचार!

ब्लांका : व्लास्ता, देठ कसा होता गं? ...म्हणतेय, जमिनीलगत चाकूनं कापल्या, आईनं शिकवलं होतं तसं. बूड रानातच राहिलं. झालर होती कसलीशी, ती सोलून टाकली. तुझ्या फोटोत नव्हती म्हणून.

ओटाकार : पण बरी आहे ना ती? दीड तास झाला, काही व्हायचं असतं तर एव्हाना...

हेडविका : नाही हो. या विषाचं तेच भयंकर आहे. आठ-दहा तास माणूस ठणठणीत असतो. पोट दुखायची वाट बघायची नाही, आत्ताच दवाखान्यात न्यायचं. आणि उरलेल्या फेकू देऊ नका, डब्यात घालून सोबत न्यायला सांगा.

ब्लांका : व्लास्ता, नीट ऐक. कोट चढव, आणि ती झाकून ठेवलेली भाजी डब्यात भर... हसतेय रे ती. म्हणतेय, दादाच्या वेबसाइटवर आहे, तर विषारी कशी असेल?

ओटाकार : माझ्या हातानं... माझ्याच हातानं कापलं मी ते. बाई, तुमचं नाव लिहितो हो मी. मोठ्या अक्षरांत लिहितो. सगळं लिहितो. सांगा, कसं लिहायचं तुमचं नाव?

हेडविका : माझं राहू द्या आता. बहिणीचं पूर्ण नाव सांगा, आणि घराचा पत्ता. दुसऱ्या फोनवरून मी रुग्णवाहिकेला फोन लावलाय.