लेकीच्या घरी अकरा महिने

न्हाई भाऊ, खोडू नका, बराबरच लिवलंय तुमी — घरमालक रागिणी शिवशंकर, भाडेकरू विश्वंभर संतराम. व्हय, मालकीन लेक अन् भाडेकरू बाप. हसा, मोकळं हसा — मीबी हसलतो पहिल्यांदा. पन नातं लिवाच लागतं का त्याच्यात? न्हाई ना? मग राहू द्या. बँकेला राहता पत्ता पक्का पाहिजे, नात्याचं ते काय करतेत? लोक अदालतीत तडजोड झाली ना माही, हप्ते बांधून भेटले, दर महिन्याच्या दहा तारखेला — त तिथंच बँकेचे साहेब म्हनले, विश्वंभरराव, तुमचा पत्ता लई पळतो, आता भाडेकरारनामा करून आना. पत्ता पळतो म्हने! पळत मी व्हतो, पत्ता बिचारा नरसीतच उभा व्हता.

धंदा काय लिवता? मजुरी लिवा. आधी मालक व्हतो मी — नरसीला बिछायत केंद्र व्हतं माहं. मंडप, गाद्या, कढया, लायटिंग अन् चारशे खुर्च्या, सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर लाल रंगानं ‘विश्वंभर बिछायत केंद्र’. लोकं माह्या नावाला पाठ टेकून जेवायचे, मला वाटायचं आपुन लई मोठे झालो. सुभद्रा, माही बायको, म्हनायची — अहो, एवढं सामान हाय, काहून अजून घेता? मी म्हनलं, तुला धंद्यातलं कळत न्हाई. अन् कर्ज काढून राजवाडी कमान आनली, जनरेटर आनलं. कळत व्हतं तिलाच, ते मला मागून कळलं. सालभरात लॉकडाऊन लागला. लग्नं झाली घरातल्या घरात, पन्नास मानसांत — अन् इकडं चारशे खुर्च्यांत मी एकटा. रोज एक नवी खुर्ची घ्याची अन् बसायचं — सालभर पुरल्या की भाऊ, वर उरल्याबी!

लॉकडाऊननं बुडवलं म्हनता? तसंच सांगत व्हतो मी सगळ्याला. पन तुमी कागद करून राहिले, खोटं काहून बोलू — थोडंथोडं भरता आलं असतं. मी काय केलं? बँकेचा फोन आला की फोन सुभद्राच्या हातात — सांग, वसमतला गेले. एकदा साहेब दारातच आले, मी गुंडाळल्या गाद्यांमागं बसलो. धुळीनं शिंक आली, दाबली, दुसरी त दाबताच आली न्हाई. साहेब सुभद्राला म्हनले, ‘मावशी, वसमत लई जवळ आलं की!’

आता त्या खुर्च्या पुसेगावच्या भुजंगानं घेतल्यात. अन् मी त्याच्याकडंच रोजानं जातो — त्याच खुर्च्या मांडतो, त्याच उचलतो. नाव खरडलं न्हाई अजून त्यानं. परवा लग्नात एका पाहुण्यानं इचारलं, हा विश्वंभर कोन हो? म्हनलं, व्हता एक येडा.

भाडं? पंधराशे लिवा. व्हय, घेती ना, एक तारखेला घेती! राहाया आल्यावर पहिले चार महिने मी इथं हिंगोलीच्या बस स्टँडवर ज्याला त्याला सांगत फिरलो — सख्खी लेक बापाकडून भाडं घेती, असा जमाना आला. चहा पाजून सांगितलं लोकांला. तिनं सांगितलं बी तिच्या सासूच्या पुढ्यात — ‘बाबा, मागची खोली रिकामी हाय, पंधराशे भाडं, तारीख चुकाची न्हाई.’ मला वाटलं, धरणी फाटावी अन् आत जावं. जावई, शिवशंकर, बिचारा मान खाली घालून मोबाईल पाहत बसला. मग चार महिन्यांनी सुभद्रानं सांगितलं — त्याच दिवशी सैपाकघरात रागिणी तिला म्हनलती, ‘आई, भाडं दिलं की इथं तुमाला कोनाचं ऐकाचं काम न्हाई. फुकट राहिले त भाजीच्या वाटीवरून बी बोलनं निघन.’ घ्या! ती माही इज्जत राखून राहिली, अन् मी माह्या पैशाचा चहा पाजून तिची बदनामी करून राहिलो.

काय? साक्षीदार? दोन लागतेत? हां, लागतच असतील… न्हाई, काही झालं न्हाई, पानी नको. तो शब्दच तसा हाय माह्यासाठी. लिवा तुमी.

भाऊ, सही केली की मानूस अडकतो, हे तुमाला ठाव हाय, मलाबी ठाव व्हतं. तिला ठाव नव्हतं. लग्नाला दोन दिस व्हते तिच्या. दारात मंडप माहाच. ती नुकतीच सरकारी दवाखान्यात नर्स म्हनून लागलती — पगाराचा कागद घरात तिच्याकडंच. कमानीच्या कर्जाला बँकेनं जामीनदार मागितला व्हता. मी कागद घेऊन गेलो, त दोन्ही हातांवर ओली मेंदी. म्हनलं, बाई, साक्षीदाराची सही हाय, नावापुरती. ती म्हनली, ‘बाबा, वाचून करू का?’ अन् मी — मी म्हनलं, वाचत बसशील त मेंदी फिस्कटंल.

दोन बोटांत पेन धरून केली हो तिनं. कागदाच्या कोपऱ्याला मेंदी लागली.

मग? मग सालं गेली. स्कूटीसाठी कर्ज मागाया गेली, त काउंटरवरची बाई सगळ्यांत म्हनली, मॅडम, तुमी थकबाकीदाराच्या जामीनदार हायेत. तशीच बसनं नरसीला आली. मी त्या दिवशी लपलो न्हाई, कुठं लपनार? म्हनलं, आता शिव्या दे, जे काय बोलायचं ते बोल. तिनं एकच इचारलं — ‘कागद कुठं हायेत?’ सगळे चाळले, तारखांनी लावले, पिशवीत भरले. महिन्याभरात खुर्च्या इकल्या, नरसीचं घर इकलं, उरलं त्याची तडजोड तिनंच लावली. अदालतीत ड्यूटीच्या कपड्यांत माह्या बाजूला बसली व्हती. साहेबानं फाईल उघडली, त तो कोपऱ्याचा डाग अजून तसाच, तपकिरी. मी पाहिला. तिनंबी पाहिला. अन् मला म्हनली, ‘बाबा, पानी प्या, घसा सुकलाय तुमचा.’ बस. आजपस्तोर त्या सहीचं एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती त सोपं गेलं असतं, भाऊ.

कोनाला सांगितलं नव्हतं मी हे. सुभद्रालाबी न्हाई. तुमाला कसं काय सांगून बसलो कोन जाने — जाऊ द्या, झाला का कागद? दाखवा. अकरा महिने, व्हय. लाइटबिल वेगळं, व्हय, तेबी लिवा, ती सोडनार न्हाई.

ती पाहा, आली. पायीच येऊन राहिली दवाखान्यातून. ये बाई, बस इथं सावलीत. हे लिवनारे भाऊ. झालाय कागद… काय? कुठं करू सही म्हनती? — अगं थांब. थांब रागिणी, पेन ठिव खाली. न्हाई, घाई असू दे ड्यूटीची. भाऊ, तिला वाचून दाखवा. सगळा, वरच्या ओळीपासून, एकबी शब्द गाळू नका. मी बसतो तिकडं, मधी बोलनार न्हाई. वाचा.