दर्यापूरची छापील विहीर

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही अकोल्याच्या एका वाचनालयात बसलो होतो. पुण्याच्या एका प्रकाशकाने मराठेशाहीच्या लढायांचा पटावरचा खेळ काढला होता आणि तो खेळून दाखवायला स्वतः आला होता. त्याला जो हरवील, त्याच्या शाळेला पुस्तकांनी भरलेलं कपाट मिळणार होतं. शेवटपर्यंत टिकले ते दर्यापूरकडचे वानखडे गुरुजी. वार्ताहर निःपक्षपाती असतो म्हणे, म्हणून पंच मी.

गाविलगडाला वेढा घालायला प्रकाशकाने सगळं घोडदळ दर्यापूरला उतरवलं. नकाशात तिथे निळी विहीर होती, म्हणजे पाण्याची सोय. गुरुजींची फौज जेमतेम उरली होती.

"घोडे मेले तुमचे, साहेब," गुरुजी म्हणाले.

"कशाने?"

"तो खारपाणपट्टा हाय. तिथं गोड पानी लागतच नाई."

"अहो, नकाशात विहीर छापली आहे!"

गुरुजींना अकोल्याचं पाणी अळणी लागायचं, म्हणून ते घरचं सोबत आणत. त्यांनी पिशवीतून तांब्या काढून पुढे केला. प्रकाशकाने एक घोट घेतला आणि तो खिडकीकडे धावला.

"हे पितं कोण?"

"आमी पेतो. घोडे नाई पेत."

मी घोडे मेल्याचा निकाल दिला. "हे नियमांत नाही!" तो ओरडला. मी म्हटलं, "मग तांब्या संपवा, निकाल फिरवतो." कपाट गुरुजींच्या शाळेत गेलं.

पुढच्या वर्षी खेळाची सुधारित आवृत्ती आली. ती विहीर काढा म्हणून प्रकाशकाला लिहिलेल्या माझ्या तीन पत्रांना अजून उत्तर नाही, आणि पटावर दर्यापूरला आता दोन विहिरी आहेत.