हिरव्या झाकणातला बोका

नाही, तुम्ही त्या बोक्याला का बोलता, मला बोला ना! सकाळपासून ऑफिसात जो येतो तो त्याला शिव्या घालतोय. शिपायाने दुधाची बशी उचलून ठेवली, टायपिस्टबाईंनी "फसवलंस रे मेल्या" म्हणून फाइल आपटली… अहो, बोका आहे तो, ज्योतिषी नाही.

तुम्हाला सांगतो, सुरुवात साधीच झाली. मी झेरॉक्सच्या खोलीत. खोली कसली, एक मशीन, एक खिडकी, मी आणि हा बोका, ज्याला सगळे मुकादम म्हणतात. फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली, चार वर्षांनी येते ती, आणि टायपिस्टबाईंनी गंमत काढली. कागदाच्या खोक्यांची दोन झाकणं घ्यायची, दोन संघांच्या रंगांच्या फिती चिकटवायच्या, बोका ज्यात बसेल तो संघ जिंकणार. बोका बसला निळ्यात, निळे जिंकले. पिवळ्यात बसला, पिवळे जिंकले. सहा सामने, सहाही बरोबर! साहेब स्वतः खोलीत येऊन "काय म्हणता मुकादम?" विचारायला लागले. मला अठ्ठावीस वर्षांत कधी विचारलं नाही.

आता खरं सांगू का… कुणाला बोलू नका. बोक्याला ऊब लागते. नुकत्याच निघालेल्या झेरॉक्सचा गठ्ठा ज्या झाकणात, त्यात तो जाऊन बसणार. आणि गठ्ठा कोण ठेवणार? मी. मला जो जिंकेल असं वाटायचं त्याच्या झाकणात. म्हणजे डोकं माझं आणि दूध बोक्याला.

सांगून टाकणारच होतो हो. पण मुलीचा फोन आला. एकुलती एक मुलगी, लांब नोकरीला, तीन वर्षं झाली घरी येऊन. फोन यायचा पंधरवड्याने. "जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवते." संपलं. लहानपणी हीच माझ्या मांडीवर बसून सामने बघायची, गोल झाला की माझे कान ओढायची. तिला मी बोक्याचा फोटो पाठवला, आणि काय सांगू, रोज फोन! "बाबा, आज बोका काय म्हणतोय?" मी म्हटलं, अगं, मला वाटतं पिवळे जिंकतील. तर म्हणते, "तुम्हाला काय कळतंय बाबा, बोक्याचं सांगा." अर्धा अर्धा तास बोलायची. म्हटलं, राहू दे बोक्याचंच नाव, फोन तर माझ्याच कानाला लागतोय ना…

मग अंतिम सामना. हिरवे आणि लाल. हिरवे तिचे, अगदी लहानपणापासूनचे. हसत हसत म्हणाली, "बाबा, बोका हिरव्यात बसला आणि हिरवे जिंकले, तर रजा टाकून घरीच येते." गमतीत म्हणाली हो, मला कळतं. पण मी घरी जाऊन तिची खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं.

लाल जिंकणार हे मला ठाऊक होतं. हिरव्यांचा गोलकीपर मागच्या सामन्यापासून लंगडत होता, लहान पोरानेसुद्धा सांगितलं असतं. आणि तरी मी काय केलं? कुणालाच नको असलेल्या परिपत्रकाच्या दोनशे प्रती काढल्या, गरम गरम, आणि सगळ्या हिरव्या झाकणात. बिचारा जाऊन बसला, डोळे मिटले. बोका आहे हो तो… त्याला काय ठाऊक माझ्या मनात काय आहे.

तीन-शून्य. हरले.

तिचा फोन आला. "जाऊ द्या बाबा, बोका म्हातारा झाला आता. पुढच्या स्पर्धेला बघू." पुढची स्पर्धा म्हणजे चार वर्षं! मी "हो हो" म्हणालो. गोळ्या घेतल्या म्हणून सांगितलं. तिने ठेवला.

म्हणून म्हणतो, त्याला बोलू नका. ती बशी आणा इकडे. अकरा वर्षांचा आहे तो, आणि मला त्याला पंधरापर्यंत न्यायचंय.