पेटी, बाज आणि आठ पावलं

आठ पावलं! मोजा तुमीच, आमच्या शेवग्याच्या बुडापासनं पडवीपातुर आठच पावलं, आन् त्येवढ्यापायी सिराजभाईनं उभ्या गावादेखत मला अडाणी म्हणावं?

तुमाला सांगतो, आणीबाणी उठली त्या सालचा चैत. शेवग्याखाली माझी मधमाश्यांची पेटी, पडवीत आबांची बाज. पेटी दिलेली सिराजभाईनं. त्योच पौडवरनं येऊन म्हणला, "साहेबराव, ऊन वाढलंय, पेटीला सावली कर." आबांचं निराळंच, "पडवीत वारं लागत न्हाई." मग आबा सकाळी हिरीवर गेले, माश्या फुलावर गेल्या, तेवढ्यात मी पेटी नेली पडवीत आन् बाज आणली शेवग्याखाली. चुकलं काय माझं?

घटकाभरात माश्या परतल्या त्या थेट बाजंवर! वाकळंवर नुसता काळा ढीग. आरं, पेटी आठ पावलांवर हाय, आत तुमची राणी हाय... पण न्हाई! तर सिराजभाई कपाळ बडवत म्हणतोय, "सूर्व्या कुटल्या अंगाला, आपून किती वळलो, किती लांब आलो, समदं माशीच्या राईएवढ्या डोस्क्यात असतंय. निघाली तितंच येणार ती. पेटी हलवायची तर हातभर, न्हाईतर कोसभर!" मग सावली काय कोसावरनं आणू व्हय?

तेवढ्यात आबा आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात धरला की काठी हाणत्यात. हिरीपासनं पावलं मोजायची, ऊन कुटल्या गालावर हाय ते बघायचं, गोठ्यापाशी वळायचं, की आली पडवी. मी वरडतोय, "आबा, थांबा!" कोण ऐकतंय? आले, वळले, बसले... पेटीवर!

वडायला मी धावलो. सात डंख, समदे माझ्या तोंडाला. आबांना एक न्हाई! वर मलाच, "बाज उंच कुणी केली रं?"

"आबा, चुकलात तुमी. बाज तिकडं हाय."

"मी बरोबर आलोय. घर हललंय."

सिराजभाई म्हणतोय, "माशी तरी दुसरं काय म्हणत हुती?"

आठ पावलं हो! सांजच्याला पेटी शेवग्याखाली, तिच्यावर ओलं गोणपाट, बाज पडवीत. माश्या घरी, आबा घरी. आन् मी, डोळं सुजून मिटल्यालं, गोठ्याकडनं चाचपडत आलो तो धाडदिशी शेवग्यावर.

पडवीतनं आबांनी इचारलं, "हात धरू का रं?"