लिंबाच्या राईतला सवाल

मंडळी, एक विचारतो. अमकी जागा रिकामी पडलीय, असं आपण सहज म्हणतो. कशावरून? डोळ्यांना कुणी दिसत नाही म्हणून! पण दिसतं तेवढंच तिथं असतं का? ऐका तर मग.

सोनवेढे नावाचं गाव. तिथं जुना तुरुंग, कधीचा बंद पडलेला. बराकींमागं कडुलिंबाची राई — इतकी दाट, की भर दुपारी आत पाय टाकला तरी अंगावर काटा यावा! नगराध्यक्षा होत्या कुमुदताई ढवळे. बाई कामाची. देवालाही घड्याळ बघून हात जोडायची — हसू नका, इथंही बसलेत तसले! त्यांनी ठरवलं, सगळं पाडायचं आणि दुकानांचे गाळे काढायचे.

ठेकेदाराला घेऊन दुपारी जागा बघायला गेल्या. वारा नाही, पान हलत नाही. ठेकेदार टेप घेऊन पुढं झाला आणि ताईंच्या अगदी कानाशी कुणी अदबीनं विचारलं, “सुटका झाली का ओ माझी?”

वळून बघतात — कुणी नाही! ठेकेदाराला विचारलं, तर त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. ताईंनी मोजणी तिथंच थांबवली आणि घर गाठलं.

घरी सासरे होते, गणपतराव. त्याच तुरुंगात शिपाई म्हणून राबलेले. ताईंनी ते शब्द सांगितले, तसा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाले, हा राणू. सकाळी कोठडी उघडली की हेच विचारायचा. तापानं गेला, सुटकेचा हुकूम आला तो मागाहून. न्यायला कुणी आलं नाही. असे बेवारस कितीतरी त्या राईत पुरलेत, आणि सोबतच्या कैद्यांनी एकेकाच्या उशाला लिंब लावलाय.

“मामंजी, कधी बोलला नाहीत?”

“सूनबाई, मला वाटायचं, तो अजूनही फक्त मलाच विचारतो.”

सभेत ताईंनी सांगितलं, झाड पडणार नाही, बराकी जतन करू, राई सगळ्या गावाला मोकळी. त्यांचीच माणसं उलटली. खुर्ची जाईल, म्हणाली. ताई म्हणाल्या, जाऊ दे. आणि गेली हो! पण त्याआधी ठराव तेवढा पास झाला.

मग तुरुंगाचा लोखंडी दरवाजा बिजागरीतून उतरवला. बायाबापड्या, लेकरं आत शिरली. ताई वाटेत उभ्या होत्या. सगळे आत चाललेले — आणि त्यांच्या खांद्याला घासून कुणीतरी बाहेर गेलं! जाड्याभरड्या कापडाचा स्पर्श, बाकी काही नाही. पलीकडं गणपतरावांनी टोपी काढली आणि दोन पावलं मागं सरून वाट दिली.

मंडळी, आपल्याही गावात तळ्यामागची जागा विकायला निघालीय. हात वर करण्याआधी भर दुपारी एकटे तिथं जाऊन उभे राहा. काही ऐकू आलं, तर घाबरू नका.

काहीच ऐकू आलं नाही — तर मात्र घाबरा.