मिस्त्रींची वाचा आणि लेकीच्या सायकलीची चेन

माझं म्हायेर शिरोळ तालुक्यातलं, जयसिंगपूरच्या अलीकडं, आणि लगीन होऊन आलो ते हितं कबनूरला. आलो म्हनलं म्हनून हसू नका ताई, आमच्याकडं बायकाबी आलो-गेलोच म्हनत्यात. मी सुमन. मालकांचं नाव घ्यायला लावू नका, सगळं गाव त्यास्नी मिस्त्री म्हनतंय. चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकान म्हंजे काय, पत्र्याचं खोकं, एक पंप आणि एक पान्यांची पेटी, पन जाणारा-येणारा जयभीम मिस्त्री म्हनल्याबिगर फुडं जायचा न्हाय.

लगीन झाल्यावर पैल्यांदा म्हायेरला निघालो ते यष्टीनं न्हाय, सायकलवरनं. मी मागं क्यारेजवर, मांडीवर पिशवी. काय सांगू तुम्हाला, एवढा रस्ता सरला पन सायकलीचा आवाज म्हनून न्हाय, नुसतं कानाला वारं. मी भीत भीत इचारलं, सायकल नवी हाय काय ओ. तर म्हनले, न्हाय, आमच्या बापाची हाय, तुम्ही बसणार म्हनून काल दुपारभर चेन धुतली. तवा मला अहो-जाहो करायचे बगा! कुणी बायकोला साडी आनतंय, कुणी गजरा आनतंय, ह्या बाबानं चेन धुतली. आणि मला लई आवडलं ते, खरं सांगतो.

मग मी यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागलो, लेक झाली, शिल्पा, तिला सायकल ह्यांनीच जुनं जुनं जोडून करून दिली. सगळं चाललंतं बरं. आणि एक दिस सकाळी दुकानात गिराईकाची सायकल उभी करता करता हेच खाली बसले. बसले ते उठंनात. लोकांनी रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, डाक्टर म्हनले झटका आलाय. जीव वाचला, पन उजवा हात गेला आणि वाचा गेली. नुसतं हं. भूक लागली तरी हं, दुखलं तरी हं. डाक्टरांनी सांगितलंतं, बोलत ऱ्हावा त्यांच्यासंगं, पन पावणं यायचं ते भैऱ्या मानसासंगं बोलावं तसं वरडायचं, मिस्त्री, वळकलं काय! हे तोंड भिताडाकडं करायचे. ऐकू येत हुतं की सगळं, समजत हुतं सगळं, फकस्त भायेर येत न्हवतं. दुकानाला कुलूप. मला वाटायचं, मानूस घरात हाय पन मला सापडंना झालाय.

आणि ती शिल्पाची सायकल. तिच्याकडं बगायला कोन ऱ्हायलं न्हवतं, चेन पार सुकलेली, पोरगी कालेजला निघाली की कुई कुई कुई करत गल्लीच्या टोकापतोर आवाज जायचा. आवाज सुरू झाला की हे डोळं मिटून घ्यायचे. मला ते बगवंना.

म्हनून सुट्टीच्या दिवशी मी सायकल अंगणात आनून उलटी केली. हे दारात खुर्चीवर. तेल कुठलं घालायचं कुनाला ठाव, मी आपली न्हानीतली खोबरेलाची बाटली आनली आणि चेनीवर, त्या काळ्या मळावरच, धरली की वतायला.

तर मागनं आवाज आला, आगं ए! पूस! पूस की आदी!

मी म्हनलं पुसतो, पुसतो की, वरडताय कशाला, आणि पदरानं पुसायला लागलो. आणि मग माझा हात थांबला. मागं बगायचं धाडस हुईना. कोन बोललं? शिल्पा न्हाऊन वल्ल्या केसांनी भायेर पळत आली, आई, पप्पा बोलले काय गं? आमी दोघी रडतोय, आणि हे लालबुंद होऊन त्या बाटलीकडं बोट करत्यात, पूस, पूस! खोबरेल बगून राग आलता त्यास्नी, रडारडीकडं ध्यानच न्हाय.

मग काय, त्यास्नी खुर्चीसकट सायकलीजवळ सरकवलं. डाव्या हातानं ते पायंडल उलटं फिरवाय लागले, मी दात घासायचा जुना बुरूस डिझेलात बुडवून एक एक कडी घासाय लागलो. काळं पाणी गळलं, माझ्या कांडीखात्यातलं रद्दी सूत आनलं, त्यानं चेन कोरडी केली. मशीनचं तेल घालताना परत घाई केली तर म्हनले, थेंब. थांबून थांबून, थें-ब. कडीला एक थेंब, फिरवायचं, आणि वरचं पुसून काढायचं, न्हायतर धूळ बसती. शिल्पानं सायकल गल्लीत फिरवून आनली. आवाज न्हाय. हे हसले, वाकडं का हुईना, हसले.

तवापासनं गल्लीतल्या सायकली अंगणात याय लागल्या. पयल्यांदा पाना आला तोंडात, मग चेन, मग च्या. माझं नाव काय येईना. मी रुसलो, म्हनलं पाना याद हाय आणि बायको न्हाय व्हय! तर सुमन न्हाय, सुमी म्हनले, जे लग्नापासनं कधी म्हनले न्हवते.

आता मी मागावर जात न्हाय. दुकान उघडलंय. ते स्टुलावर बसून डाव्या हातानं फिरवत्यात, घासायचं-पुसायचं माझं, आणि शिव्याबी मलाच, चुकतमाकत पन स्पष्ट. शिल्पा कागलच्या फायस्टार एमआयडीसीत कामाला हाय, म्हनती, आता बसा की निवांत. डाक्टर म्हनत्यात परत झटका येऊ शकतो, जपा. जपतोय. तुमच्याबी घरात बोलतं मानूस ऱ्हावं ताई, ह्याच्यापरीस दुसरं काय मागायचं? परवाच मी त्यास्नी म्हनलं, ऐका, माझ्या आदी जायचं न्हाय, सांगून ठेवतो. त्यांनी माझ्याकडं बगितलं, तोंड जुळवाय वेळ लागला, मी वाट बगत ऱ्हायलो, वाटलं आता काय तर ग्वाड बोलणार.

म्हनले, सुमे, गिराईक आलंय, ते बग.